घटस्फोट झाला तरी कर्जावरची सही तशीच

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ३८ वर्षांच्या, रत्नागिरी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याकडे असते. नवरा गुहागरकडे वडिलोपार्जित वाडीत पर्यटकांसाठी होमस्टे चालवतो. दीड वर्षापासून दोघं वेगळी राहतात आणि परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं आहे. अडलं आहे ते कर्जांवर. रत्नागिरीतला फ्लॅट आणि त्यावरचं २४ लाखांचं गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे. होमस्टेसाठी नवऱ्याने पतसंस्थेतून ८ लाख काढले, त्याला त्या स्वतः आणि त्यांच्याच शाळेतल्या एक बाई जामीन आहेत. तीन हप्ते थकले आहेत. शिक्षकांच्या पतपेढीतून त्यांनी आपल्या नावावर ५ लाख काढून होमस्टेच्या खोल्यांना दिले, ते पगारातून कापले जातात. लग्नातले आठ तोळे नवऱ्याच्या नावाने बँकेत तारण आहेत. नवऱ्याने काकांकडून हातउसने घेतलेल्या २ लाखांतले निम्मेही ‘तूही संसार केलास’ म्हणून मागितले जातात. आता नवरा म्हणतो, ‘सगळी कर्जं माझी असं कोर्टात लिहून देतो, तू फ्लॅटवरचा हक्क सोड आणि पोटगी मागू नको.’ आई म्हणते, सही कर आणि मोकळी हो. त्या विचारतात : कायद्याने कर्ज निम्मं-निम्मं होतं ना? आणि त्याने लिहून दिलं की मी सुटले ना?

ताई,

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते नीट समजून घेतल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

आधी निम्म्या-निम्म्याचं बघू. आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवरा-बायकोची मालमत्ता एक होत नाही, तशी देणीही एक होत नाहीत. हिंदू विवाह कायद्याचं (१९५५) कलम २७ फक्त लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या समाईक वस्तूंबद्दल बोलतं. कर्जाची वाटणी कशी करायची याचं सूत्र त्या कायद्यात नाही. कर्ज ज्याच्या सहीने घेतलं, ज्या नात्याने सही केली (कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार), त्यावर जबाबदारी ठरते. पैसे कुणी वापरले, संसारात कुणी किती ओढलं, चूक कुणाची, या गोष्टी तुमच्या दोघांच्या हिशेबात येतील. बँकेच्या हिशेबात त्यांना जागा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. संमतीपत्रात नवऱ्याने ‘कर्ज माझं’ असं लिहिलं तर तो तुमच्या दोघांमधला करार झाला. बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती, तिने काही कबूल केलेलं नाही. भारतीय करार कायद्याचं (१८७२) कलम ४३ म्हणतं की अनेकांनी मिळून घेतलेलं देणं धनको कुणाही एकाकडून पूर्ण वसूल करू शकतो. ज्याने भरलं त्याने मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागायचा. म्हणजे नवऱ्याने हप्ते थांबवले तर बँक तुमच्याकडे येईल. त्याच्या लेखी कबुलीचा उपयोग नंतर, त्याच्यावर वसुली लावताना. तीही त्याच्याकडे वसूल करण्याजोगं काही असेल तर.

आता त्याचा प्रस्ताव पुन्हा वाचा. तुम्ही फ्लॅटवरचा हक्क सोडाल तो त्याच दिवशी, नोंदणीकृत दस्ताने, कायमचा. पोटगी सोडाल तीही निकालाच्या दिवशी. त्याच्या बाजूने तुम्हाला काय मिळतं? पुढची पंधरा वर्षं महिन्याच्या महिन्याला हप्ता भरण्याचं आश्वासन. आणि हा तोच माणूस आहे ज्याचे पतसंस्थेत आजच तीन हप्ते मागे आहेत. तो फसवतोच आहे असं मी म्हणत नाही. होमस्टेचा पैसा दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात येतो आणि पावसाळ्यात आटतो. हप्ता मात्र बाराही महिने असतो. मनापासून शब्द देणाऱ्याचाही जून ते सप्टेंबर या काळात शब्द मोडू शकतो. आणि तो मोडला की फ्लॅट त्याचा, कर्ज मात्र तुमचंही, अशी तुमची गत होईल.

म्हणून सगळ्या सल्ल्यातली मुख्य गोष्ट एवढीच : ‘कोण भरेल’ हे लिहून घेण्याऐवजी, निकालाआधी खातं बंद होईल किंवा त्यातून तुमचं नाव लेखी निघेल असं बघा. क्रम उलटा झाला की हातात काही राहत नाही.

फ्लॅटपासून सुरुवात करू, कारण तिथे रक्कम मोठी आहे. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे २४ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण २०,८००. पाच वर्षं झाली. म्हणजे साठ हप्त्यांत साडेबारा लाखांच्या आसपास भरले गेले, पण मुद्दल तीन लाखांनीही कमी झालेलं नाही, बाकी सुमारे २१ लाख १५ हजार. ‘इतके भरलेत, आता थोडंच राहिलं असेल’ ही समजूत इथेच मोडते. बँकेकडून परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक आणि आजअखेर बाकीचं पत्र मागा, तोंडी आकड्यावर बोलणी करू नका.

एजंटने सांगितलेला ३६ लाखांचा भाव खरा धरला तर कर्ज वजा जाता १५ लाखांच्या आसपास उरतात, आणि वाटायचे आहेत ते हे. कायदा काय धरतो? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ म्हणतं की दोघांनी पैसे घालून घेतलेल्या मालमत्तेत ज्याने जितके घातले तितका त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर समान धरायचा. तुमच्या वडिलांनी सुरुवातीला दिलेले ४ लाख चेकने गेले असतील तर त्या महिन्याचा खातेउतारा आजच काढा, कारण बँका जुने उतारे द्यायला वेळ लावतात. पहिली साडेतीन वर्षं हप्ते त्याच्या खात्यातून गेले, गेली दीड वर्षं तुमच्या. म्हणजे तुमचे १८ हप्ते, पावणेचार लाखांच्या घरात. हेही कागदावर मांडा. रोख दिलेलं, घरखर्चात जिरलेलं कुणाला दाखवता येत नाही, त्यावर भांडण्यात महिने घालवू नका.

पुढे तीन वाटा. फ्लॅट विकणं ही सगळ्यांत स्वच्छ वाट आहे, मनाला लागली तरी. बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्या. गिऱ्हाईक त्याच्या बँकेकडून कर्ज घेणार असेल तर त्यातला पहिला चेक थेट तुमच्या कर्जखात्यात, उरलेल्या रकमेचे दोन वेगळे चेक दोघांच्या वेगळ्या खात्यांवर, हे करारातच लिहा. एकाच्या खात्यावर सगळे घेऊन मग वाटू असं नको. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आणि पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

फ्लॅट तुम्ही ठेवणार असाल तर पूर्ण कर्ज तुमच्या एकटीच्या पगारावर बसतं का हे बँक नव्याने तपासेल, आणि पतपेढीची कपात वजा करून हातात येणारा पगार बघेल. त्याचा हिस्सा तुमच्या नावावर कसा आणायचा हाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात पती-पत्नीमध्ये राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र, २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण ही सवलत पती-पत्नी असेपर्यंतच. निकाल लागल्यावर तुम्ही कायद्याने परके, मग बाजारभावावर शुल्क. आणि बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. त्याला हिश्श्याचे पैसे देऊन वर बक्षीसपत्र केलं आणि संमतीपत्रात ती रक्कम लिहिली, तर उद्या मुद्रांक कार्यालय प्रश्न विचारू शकतं. पैसे देणार असाल तर सरळ मोबदल्याचा दस्त करा. कुठलाही दस्त करण्याआधी बँकेचं ना-हरकत पत्र हवंच, कारण फ्लॅट तिच्याकडे गहाण आहे.

तो ठेवणार असेल तर त्याने आधी कर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घ्यावं, तुमच्या बँकेत किंवा दुसरीकडे हलवून. बँक त्याची दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागेल. होमस्टेवाले बरेचदा निम्मा धंदा रोखीत करतात आणि विवरणपत्रात उत्पन्न कमी दाखवतात, तिथे ही वाट बंद होते. तुमच्या हक्कसोडीचा दस्त तुम्हाला सहकर्जदार म्हणून मुक्त केल्याचं बँकेचं पत्र हातात आल्यानंतर, एक दिवसही आधी नाही. या काळात कोणीही हप्ता चुकवू नका. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादित, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचं ठरतं, त्यानंतर सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस, आणि पतअहवालात डाग दोघांनाही लागतो. तुम्हाला पुढे वेगळं घर घ्यायचं झालं तरी नवी बँक हा सगळा २०,८०० चा हप्ता तुमच्याच डोक्यावर धरेल, नवरा भरत असला तरी.

आता पतसंस्था. जामिनकीकडे बघायची तुमची नजर बदलायला हवी. ‘मी फक्त सही केली’ असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेला आधी त्याच्या मागे धावावं लागत नाही. तुमच्या दोघींच्या सह्या घेतल्या गेल्या त्या दोघींचा पगार महिन्याला येतो म्हणून. थकबाकी वाढली की संस्था सहकार कायद्याच्या (१९६०) कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला काढते आणि कलम १५६ प्रमाणे वसुली अधिकारी जप्तीला येतो. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे दाखला निघायच्या आधी हालचाल करायची.

संस्थेत जाऊन कर्जाचा खातेउतारा आणि तुम्ही सही केलेल्या जामीनपत्राची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. प्रत हातात आली की तीन गोष्टी बघा. कर्ज मुदतीचं आहे की कॅश क्रेडिट (मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचं खातं)? कॅश क्रेडिट असेल तर पुढच्या उचलीसाठी जामीन राहणार नाही अशी नोटीस करार कायद्याच्या कलम १३० खाली देता येते. झालेल्या उचलीची जबाबदारी मात्र राहते. वाडीवर बोजा आहे का? सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ बघा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. आपल्याकडच्या वाड्या चुलत्या-पुतण्यांच्या सामाईक नावावर असतात, सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत, म्हणून संस्था गहाण न घेता पगारदार जामिनांवर भागवतात. तुमच्या बाबतीत तसं असेल तर धोका वाढतो. बोजा असेल तर दिलासा एवढा की तुम्ही कर्ज भरलंत तर कलम १४० आणि १४१ प्रमाणे संस्थेचे हक्क, तारणासकट, तुमच्याकडे येतात. तिसरं, कर्ज मधे कधी नवं-जुनं (नव्या कर्जातून जुनं फेडल्याचं दाखवणं) केलंय का, आणि त्यावर तुमची सही आहे का. तुम्हाला न विचारता अटी बदलल्या असतील तर कलम १३३ चा आधार घेता येतो, पण छापील जामीनपत्रात हा हक्क आधीच सोडल्याचं कलम बरेचदा असतं. वकिलांना ते दाखवा.

थकलेले हप्ते मिटवायला नवरा आता हप्तेबंदी बदलून मागेल किंवा नवं-जुनं करायला जाईल. त्या कागदावर जामीनदारांची सही लागते. तुमच्या हातात जोर असण्याचा हा एकच क्षण. माहेरचे, सासरचे, संस्थेचे ओळखीचे संचालक सगळे म्हणतील, ‘फक्त सही कर, खातं नियमित होऊ दे.’ सही करायची नाही. त्याऐवजी म्हणा : नव्या कर्जाला त्याने आपला भाऊ किंवा दुसरा जामीन द्यावा, संचालक मंडळाने तसा ठराव करावा आणि आम्हाला जामीनमुक्तीचं पत्र द्यावं. तोंडी ‘बघू, करू’ चालणार नाही. आणि हे लक्षात असू द्या की पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तिथे तक्रार सहायक निबंधकांकडे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलात तर परत पाठवतील.

पतपेढीचं कर्ज पूर्ण तुमचं आहे. पैसे होमस्टेला गेले, हे पतपेढीला सांगून काही होणार नाही. कपात चालूच राहील. प्रश्न आहे तो नवऱ्याकडून परत मिळण्याचा, आणि तिथे कोर्ट विचारेल की दिले ते उसने, भेट की घरखर्च? नवरा-बायकोत कोणी चिठ्ठी करत नाही, म्हणून हा मुद्दा कच्चा असतो. तो पक्का करायला कर्ज जमा झाल्याची तारीख, त्याच आठवड्यात त्याच्या किंवा ठेकेदाराच्या खात्यावर गेलेली रक्कम आणि ‘तुझे पाच लाख सीझन झाला की देतो’ अशा अर्थाचे मोबाइलवरचे संदेश लागतात. संदेश पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (२०२३) कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. बोलणी जमली तर ही रक्कम फ्लॅटच्या त्याच्या हिश्श्यातून वळती करून घेणं सगळ्यांत सोपं. पतपेढीत वारस म्हणून त्याचं नाव असेल तर तेही बघा.

सोन्याबद्दल तुम्ही सगळ्यांत कमी लिहिलंय, पण घाई तिथेच आहे. लग्नात तुम्हाला मिळालेले दागिने स्त्रीधन, एकट्या तुमच्या मालकीचे. स्त्रीधन ही नवरा-बायकोची समाईक मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण बँकेच्या वहीत तारण ठेवणारा तो आहे, कर्ज फिटलं की पाकीट त्याच्या हातात जाईल. आणि सोनेतारण बरेचदा वर्षाच्या मुदतीचं, व्याजासह एकदम फेडायचं असतं. मुदत गेली की नोटीस आणि लिलाव, आणि नोटीस त्याच्या गावच्या पत्त्यावर. म्हणून या आठवड्यात शाखेत जाऊन व्यवस्थापकांना लेखी पत्र द्या : हे दागिने माझे स्त्रीधन आहेत, याबाबत वाद आहे, मला कळवल्याशिवाय परत देऊ नयेत किंवा लिलाव करू नये. बँक ते मानायला बांधील नसली तरी पोच घेतलेलं पत्र पुढे फार उपयोगी पडतं. सोनाराच्या पावत्या, लग्नाचे फोटो, आणि शक्य असेल तर तारणाच्या वेळची मूल्यांकन पावती जमवा; तिच्यात पाटल्या, तोडे, मोहनमाळ असे नग आणि वजन वेगवेगळं लिहिलेलं असतं. संमतीपत्रात ‘दागिने परत करतील’ असं मोघम न लिहिता नगवार यादी द्या, आणि घटस्फोटाच्या पहिल्या अर्जाच्या आधी दोघांनी एकाच वेळी बँकेत जाऊन कर्ज भरून पाकीट तिथेच तुमच्या ताब्यात, असं ठरवा.

काकांचे दोन लाख? तुम्ही वचनचिठ्ठीवर सही केली नसेल, चेक दिला नसेल, तर ते देणं तुमचं नाही. ‘तूही संसार केलास’ हा भावनेचा मुद्दा आहे. फक्त दोन काळज्या घ्या. ‘देईन निम्मे’ असं लिहून किंवा संदेशातून कबूल करू नका. आणि तुमच्या सहीचा कोरा चेक कुणाकडे पडलेला असेल तर तो परत घ्या. मिळत नसेल तर बँकेला लेखी कळवून थांबवा. समाईक बचत खात्यावर ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना असेल तर ती ‘दोघांच्या सहीने’ अशी बदला.

आता वेळापत्रक. परस्पर संमतीच्या घटस्फोटात (हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब) किमान वर्षभर वेगळं राहिल्यावर पहिला अर्ज, मग सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, आणि तुम्ही दीड वर्ष वेगळ्या आहात म्हणून तुम्हाला कोणी तो मार्ग सुचवेलही. माझं मत, मागू नका. तेच सहा महिने कर्जं मिटवायला वापरा. निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे देवाणघेवाण टप्प्याटप्प्याने ठेवा : काही पहिल्या अर्जाआधी, काही मधे, उरलेलं दुसऱ्या अर्जाच्या दिवशी कोर्टासमोर.

संमतीपत्रातलं कलम कसं असावं, तर असं : ‘पतसंस्थेच्या अमुक क्रमांकाच्या खात्यावरील आजअखेर येणे रक्कम रु. इतकी पती अमुक तारखेपर्यंत पूर्ण फेडतील किंवा पत्नीस जामीनकीतून मुक्त करून घेतील, व संस्थेचे तसे पत्र दुसऱ्या अर्जापूर्वी न्यायालयात दाखल करतील. तसे न केल्यास फ्लॅटच्या विक्रीतील पतीच्या हिश्श्यातून तेवढी रक्कम परस्पर संस्थेस भरली जाईल.’ खाते क्रमांक, रक्कम, तारीख, पुरावा आणि न झाल्यास काय, या पाचांतलं एक जरी गाळलं तरी कलम लंगडं पडतं. संमतीपत्राने फ्लॅटचा हिस्सा एकाकडून दुसऱ्याकडे जाणार असेल तर तो हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) नोंदवावा लागतो का, हे वकिलांना आधीच विचारा. अनेकांचं इथेच राहून जातं आणि वर्षांनी विक्रीच्या वेळी अडतं.

पोटगीबद्दल. तुमचा पगार आहे, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या पोटगीवर फार भिस्त ठेवू नका. ती सोडायची तर हातात काहीतरी ठोस घेऊन सोडा. मुलीच्या पालनपोषणाचा खर्च वेगळा. तो तिचा हक्क आहे, कर्जाच्या बदल्यात तुम्हाला तो सोडून देता येत नाही, आणि लिहून दिलात तरी ती किंवा तिच्या वतीने कोणी पुढे मागू शकतं.

तो कशालाच तयार झाला नाही तर? मग संमतीशिवाय, कोर्टात वाद लढून घ्यायचा घटस्फोट, आणि तिथे २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे पोटगीच्या अर्जात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. होमस्टेचं खरं उत्पन्न बाहेर काढायची संधी तिथेच. खोल्यांच्या बुकिंगच्या जाहिराती, दर, पर्यटकांच्या प्रतिक्रिया यांच्या प्रती ठेवा. दागिने आणि खाती यांना धक्का लागू नये म्हणून कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (२००५) दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, त्यात आर्थिक छळही येतो. दरम्यान तुम्ही भरलेला प्रत्येक हप्ता आपल्या खात्यातून, कारण लिहून भरा. वाटा मागण्याची मुदत भरल्यापासून तीन वर्षं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, दूरध्वनी १५१००.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सकडून बाईने कर्ज काढायचं आणि ते नवऱ्याच्या जाळ्यांना, इंजिनाला घालायचं, हे हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत चालतं. ते कर्ज बाईचंच, आणि हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या दारात येतात; वेगळं व्हायची वेळ आली तर तेच आधी मिटवा, बोट कुणाच्या नावावर नोंदली आहे ते बघून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळातले हप्ते नवऱ्याच्या भरवशावर ठेवू नका. मुस्लिम भगिनींनो, न दिलेली मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, हिशेबात ते पहिल्या ओळीत मांडा. आणि लग्न गोव्यात नोंदलेलं असेल तर वरचं बरंच लागू होत नाही. तिथे वेगळा करार नसल्यास मालमत्ता समाईक धरतात आणि देण्यांचा हिशेबही त्याच चौकटीत होतो. बांदा-सावंतवाडीकडच्यांनी गोव्यातल्याच वकिलांना विचारावं.

शेवटी तुमच्या सहकारी बाईंबद्दल. ‘त्यांना तोंड कसं दाखवू’ असं तुम्ही लिहिलंय आणि म्हणून अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगा. करार कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे दोन जामीनदारांमध्ये बोजा सारखा वाटला जातो. संस्थेने सगळं त्यांच्याच पगारातून काढलं तर निम्म्यासाठी त्या तुमच्याकडे येतील, आणि तेव्हा मैत्री राहणार नाही. नोटीस हातात पडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं त्यांना परवडेल. त्यांना खातेउताऱ्याची प्रत द्या, शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी मिळून संस्थेत जा, जामीन बदलून देण्याचा आणि आमच्या सहीशिवाय नवं-जुनं न करण्याचा अर्ज दोघींच्या सहीने द्या, आणि पोच घेताना त्यावर आवक क्रमांक घालून घ्या.